रात्रीस खेळ चाले २ : पूर्वकथेविषयीची समीक्षा आणि प्रेक्षकमत

‘रात्रीस खेळ चाले २’ ही झी मराठी वाहिनीवर १४ जानेवारी २०१९ ते २९ ऑगस्ट २०२० या काळात प्रसारित झालेली भयमालिका. २०१६ साली फेब्रुवारी ते ऑक्टोबर चाललेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ची ती पूर्वकथा, म्हणजे आजच्या भाषेत प्रीक्वेल. दिग्दर्शन राजू सावंत यांचे. लेखनाची मुख्य धुरा प्रल्हाद कुडतरकर यांच्याकडे होती आणि मालिकेतला पांडूही त्यांनीच साकारला. अण्णा नाईक (माधव अभ्यंकर), शेवंता (अपूर्वा नेमळेकर), माई (शकुंतला नरे) आणि वच्छी (संजीवनी पाटील) ही प्रमुख पात्रे. कथा घडते सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातल्या नाईकवाड्यात. मराठी दूरचित्रवाणीवर मूळ मालिकेपेक्षा तिची पूर्वकथा अधिक लक्षात राहण्याचे उदाहरण म्हणून हिचे नाव आधी घ्यावे लागते. ते का घडले, याचे उत्तर भुताखेतांत शोधून सापडत नाही. या मालिकेने प्रेक्षकाला एका माणसाची वाढ सावकाश, पायरीपायरीने दाखवली, आणि तिच्या यशाचा उगम तिथे आहे. कोकणाशी फारसा संबंध नसलेल्या नांदेड-लातूरकडच्या प्रेक्षकालाही हा वाडा ओळखीचा का वाटावा, याचा उलगडाही त्याच अंगाने होतो.

पहिल्या भागाची, म्हणजे २०१६ च्या मालिकेची, सुरुवात अण्णांच्या मृत्यूने झाली होती. विखुरलेले कुटुंब वाड्यात गोळा होते, विचित्र घटना घडू लागतात, जुनी पापे एकेक करून वर येतात. त्या भागाचा सगळा भर ‘हे कोण करते आहे’ या प्रश्नावर होता. असा प्रश्न आठ महिने ताणायचा तर दर आठवड्याला नवा संशयित उभा करावा लागतो, आणि उत्तर काहीही आले तरी प्रेक्षकाने मनात रचलेल्या उत्तरापुढे ते तोकडे पडते. दुसऱ्या भागाला ही अडचण नव्हती. अण्णा मरणार, त्यांच्या आयुष्यात आलेल्या शेवंताचा शेवट वाईट होणार, वाड्याला कीड लागणार, हे पहिल्याच दिवशी ठाऊक होते. उरला होता तो ‘कसे’ हा प्रश्न. घरात बायकामुलांसमोर दरारा, गावात प्रतिष्ठा, अंधार पडल्यावर वेगळेच रूप. एक गुन्हा झाकण्यासाठी दुसरा, दुसरा झाकण्यासाठी तिसरा. नवऱ्याचे सगळे जाणूनही घर धरून ठेवणारी माई आणि भाऊबंदकीत पोळलेली, सतत तळतळाट देणारी वच्छी ही दोन माणसे त्या गुन्ह्यांची मोजणी प्रेक्षकाच्या वतीने करत राहतात. भयमालिकेत साक्षीदाराला इतके महत्त्व क्वचितच मिळते.

पूर्वकथेत ‘कसे’ हाच खरा प्रश्न, हा निष्कर्ष तपासायला एक परदेशी उदाहरण उपयोगी पडते. ‘द वॉकिंग डेड’ या अमेरिकी झोंबीमालिकेची ‘फिअर द वॉकिंग डेड’ ही शाखा २३ ऑगस्ट २०१५ रोजी सुरू झाली. पहिल्या भागाला अमेरिकेत एक कोटीहून अधिक प्रेक्षक लाभले, आणि केबल वाहिनीवरील मालिकेच्या पदार्पणाचा तो तेव्हाचा उच्चांक ठरला. मूळ मालिकेचा नायक बेशुद्धीतून जागा होतो तेव्हा जग आधीच कोसळलेले असते. शाखामालिकेचे आश्वासन होते की ते कोसळणे आता लॉस एंजेलिसमधल्या एका कुटुंबाच्या डोळ्यांनी पाहायला मिळेल. प्रत्यक्षात पहिल्याच पर्वात कथेने एकदम नऊ दिवसांची उडी मारली, आणि ज्यासाठी प्रेक्षक बसला होता ते दिवस पडद्याबाहेर राहिले. समीक्षकांची आणि चाहत्यांची पहिल्या पर्वाविषयीची मोठी तक्रार तीच होती. पुढे २०१७ चे तिसरे पर्व बहुतेकांनी सर्वोत्तम मानले. त्यात जमिनीवरचा हक्क आणि एका कुटुंबाचा ऱ्हास हा गाभा होता, झोंबी पार्श्वभूमीला होते. २०१८ मध्ये सूत्रधार बदलले, मूळ मालिकेतले पात्र इकडे आणले गेले आणि जुन्या चाहत्यांचा मोठा वर्ग नाराज झाला. मालिका २०२३ पर्यंत चालली खरी, पण तिसऱ्या पर्वाची उंची तिला पुन्हा गाठता आली नाही, असेच बहुतेक मत आहे. पूर्वकथा सांगणाऱ्याने प्रेक्षकाला शब्द दिलेला असतो की मधली वाट आम्ही गाळणार नाही. अमेरिकी मालिकेने तो सुरुवातीलाच मोडला. आकेरीच्या मालिकेने पाळला, आणि दैनंदिन मालिकेचा संथपणा, जो एरवी दोष ठरतो, इथे तिच्या कामी आला. याउलट मे २०२० मध्ये आलेली ‘बेताल’ ही चार भागांची हिंदी झोंबीमालिका घ्यावी. इंग्रजी पलटणीचे मुडदे, आदिवासींची जमीन, महामार्गासाठी बोगदा खुला करायला निघालेला कंत्राटदार (जितेंद्र जोशी) असा ऐवज हाताशी असूनही तिने तो धावत्या पावली संपवला. समीक्षकांचा सूर नापसंतीचाच राहिला.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील प्रेक्षकमताविषयी बोलताना आकड्यांचा आधार जपून घ्यावा लागतो. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या ‘बार्क’च्या साप्ताहिक याद्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही एकच बाजारपेठ धरलेली असते, जिल्ह्याचा आकडा त्यात दिसत नाही. तेव्हा इथे युक्तिवाद करायचा तो मालिकेच्या आशयावरून आणि प्रदेशाच्या इतिहासावरून. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. देशमुख-देशपांड्यांची वतने, गावाच्या उंचवट्यावरची गढी, तिच्या पायथ्याशी कुळांची घरे, ही रचना इथल्या कित्येक गावांत आजही पडक्या बुरुजांच्या रूपाने दिसते. हैदराबादचा कुळवहिवाट व शेतजमीन कायदा १९५० साली आला. त्यानंतर जमिनी कोणाच्या नावावर राहिल्या, कोणाच्या नावावरून गेल्या, सातबाऱ्यावर कोणाचा फेरफार कसा झाला, या गोष्टी घराघरांत दोन-दोन पिढ्या चघळल्या गेल्या आहेत. भाऊबंदकीत वाटा नाकारलेली विधवा, पाटलाच्या शब्दापुढे गप्प बसणारा गाव, घरधन्याची बाहेरची बाई आणि त्याविषयी चकार शब्द न काढणारी घरची बाई ही माणसे ओळखायला मालवणी यावी लागत नाही. माडपोफळीच्या जागी ज्वारी-तुरीचे शिवार ठेवले तरी अण्णा नाईकांचे घर तसेच उभे राहते.

भाषेचा आक्षेप मात्र दोन बाजूंनी आला. पहिला भाग सुरू होताच कोकणातून विरोध झाला : मालिका कोकणची बदनामी करते, भुताटकी म्हणजे कोकण असे चित्र उभे करते, आणि तिची मालवणी अस्सल नाही. यातला बदनामीचा मुद्दा समजण्याजोगा आहे. वर्षानुवर्षे मराठी भयकथेने कोकणाला हाताशी असलेला अंधार म्हणूनच वापरले. तरी दुसऱ्या भागाने या आक्षेपाची धार बरीच बोथट केली, कारण त्यात वाईटाचे मूळ कोकणच्या मातीत दाखवलेले नाही, एका माणसाच्या हावेत दाखवले आहे. पुढे आकेरीचा तो वाडा पाहायला पर्यटक येऊ लागले. दुसरी बाजू मराठवाड्याची. मालवणी संवाद सुरुवातीला कानाला जड जातात, हे खरे. पण प्रेक्षकाने ती बोली स्वीकारली, आणि यावरून वाहिन्यांनी जो धडा घ्यायला हवा होता तो घेतलेला दिसत नाही. २०१६ पासून कोल्हापूरची ‘तुझ्यात जीव रंगला’, साताऱ्याची ‘लागिरं झालं जी’, मालवणी ‘गाव गाता गजाली’ अशा मालिका आल्या. नांदेड-लातूरची बोली त्या तोडीने मुख्य वेळेत आली नाही. अनोळखी बोली प्रेक्षक स्वीकारत नाही, ही सबब अण्णा-शेवंताने खोटी पाडली आहे. मराठवाड्याच्या बोलीला जागा न देण्यामागे आता कोणतेही पटणारे कारण उरलेले नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप अंधश्रद्धेचा. मराठवाड्यात तो पुस्तकी नाही. तेलंगण-कर्नाटक सीमेकडच्या पट्ट्यात भानामतीची धास्ती पिढ्यानपिढ्या आहे. बायका घुमू लागणे, भुंकल्यासारखे आवाज काढणे, कपडे पेटणे, अंगावर फुल्या उठणे असे प्रकार झाले की संशय कोणावर तरी घेतला जातो, आणि ती व्यक्ती बहुधा गावातली दुबळी व्यक्तीच असते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने मराठवाड्यात भानामतीविरुद्ध खास प्रबोधन मोहीम चालवली होती. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी रोज रात्री साडेदहा वाजता भूत, करणी आणि शाप घराघरांत दाखवणे योग्य होते का? मालिका काल्पनिक आहे अशी सूचना दाखवून ही जबाबदारी संपते, असे मानता येत नाही. ज्या घरात मुलगी आजारी पडल्यावर डॉक्टरआधी देवऋषी गाठला जातो, तिथे सूचनेची ओळ वाचली जात नाही. हा आक्षेप पहिल्या आणि पुढे २०२१ मध्ये आलेल्या तिसऱ्या भागाला बव्हंशी लागू पडतो. दुसऱ्या भागाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यात मृतात्मे आहेत, पण ते ज्याला छळतात तो त्यांचा मारेकरी किंवा त्यांना नाडणारा आहे. भानामतीच्या आरोपात दुबळ्यावर बोट रोखले जाते. इथे बोट गावातल्या सर्वांत बलवान माणसावर आहे. हा फरक लहान नाही. म्हणून दुसरा भाग अंधश्रद्धेपासून मुक्त ठरतो असे नाही. वच्छीच्या शापांना कथेने दिलेले वजन आणि विधींची नाट्यमय मांडणी ही त्याची उणी बाजूच आहे. एखादे पात्र पोलिसांत गेले असते, जमिनीचा दावा कोर्टात लढले असते, तर गावकऱ्यांच्या असहायतेचे खरे कारण अधिक उघडे पडले असते.

तिसरा आक्षेप असा की मालिकेने खुनी, लंपट माणसाला लोकांचा लाडका केले. अण्णा-शेवंतावरचे विनोद आणि चित्रफिती मोबाइलवरून गावोगाव फिरल्या, आणि त्यांत बळी पडलेल्या माणसांची आठवण कुठेच नव्हती. या आक्षेपात तथ्य आहे. अभ्यंकरांचा खर्ज, बोलण्यातले थांबे, नजर यांतून उभा राहिलेला दरारा इतका आकर्षक होता की लेखकाने ठेवलेला नैतिक तोल वारंवार ढळतो. तरीही शेवंताच्या बाबतीत मालिका न्यायाने वागली. ती आधी मोह म्हणून येते, मग हिशेबी बाई म्हणून, आणि शेवटी अण्णांनी वापरून टाकलेली स्त्री म्हणून उरते. नेमळेकर यांनी ही तिन्ही वळणे वेगवेगळी ठेवली. शेवंताविषयी प्रेक्षकाच्या मनात शेवटी जी कणव उरते, ती या मालिकेची खरी कमाई आहे.

यश टाळेबंदीचे, कारण लोक घरी अडकले होते, असेही म्हटले जाते. कालक्रम पाहता ते टिकत नाही : मार्च २०२० मध्ये चित्रीकरणच बंद पडले, १३ जुलैला नवे भाग सुरू झाले आणि ऑगस्टअखेर मालिका संपली. लोकप्रियता त्याआधी वर्षभराची होती. तिच्या जागी ३१ ऑगस्ट २०२० पासून ‘देवमाणूस’ आली. वाईच्या बोगस डॉक्टरच्या हत्याकांडाची सावली असलेल्या त्या कथेत भूत मुळीच नव्हते. गावाने डोक्यावर घेतलेला एक खुनी होता. रात्रीचा तोच प्रेक्षक तिच्याकडेही वळला. २२ मार्च २०२१ ला आलेल्या तिसऱ्या भागाने मात्र अण्णा आणि शेवंता यांना भूत करून परत आणले. चित्रीकरणबंदीने त्यात खंड पडला, शेवंताच्या भूमिकेत मध्येच कृतिका तुळसकर आल्या, या अडचणी होत्याच. पण मुख्य उणीव रचनेची होती : मेलेल्या अण्णांना आता काही गमवायचे नव्हते, काही लपवायचे नव्हते, आणि गावात त्यांना भिऊन गप्प बसणाऱ्यांकडे गप्प बसण्याचे कारणही राहिले नव्हते. एप्रिल २०२२ मध्ये तो भाग संपला.