एक रक्त, दोन व्हिसा : दक्षिण कोरियाने आपल्याच माणसांची केलेली प्रतवारी

‘आपण सारे एकाच रक्ताचे’ असे कोणी म्हणाले की आम्ही आधी विचारतो, मग कष्टाचे काम कोणाच्या वाट्याला? दक्षिण कोरियाच्या व्हिसा कायद्यांनी या प्रश्नाचे उत्तर कागदावरच लिहून ठेवले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुष्काळ आणि दारिद्र्यामुळे कोरियन शेतकरी मांचुरियात आणि रशियाच्या अतिपूर्व भागात गेले. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केल्यावर ही वाट आणखी रुंदावली. जाणाऱ्यांत स्वातंत्र्यासाठी लढणारेही होते. १९३७ मध्ये स्टालिनने रशियातील सुमारे १ लाख ७० हजार कोरियनांना रेल्वेगाड्यांत भरून कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात नेऊन टाकले. चीनमध्ये राहिले ते चोसन्जोक, सोव्हिएत भूमीवरचे ते कोर्योइन.

१९९९ साली दक्षिण कोरियाने परदेशस्थ कोरियनांसाठी कायदा केला. १९९७ च्या आर्थिक संकटातून देश नुकताच सावरत होता आणि त्याला भांडवल हवे होते. कायद्याने राहण्याची, काम करण्याची, मालमत्ता घेण्याची मोकळीक दिली. पण परकीय नागरिक झालेल्या कोरियनांपैकी ती प्रत्यक्षात मिळाली १९४८ मध्ये कोरियन प्रजासत्ताक स्थापन झाल्यानंतर देश सोडलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना. म्हणजे अमेरिकेत स्थायिक झालेला आत आला. जुलमामुळे आधीच बाहेर पडलेल्यांची नातवंडे, म्हणजे परदेशस्थ कोरियनांपैकी जवळपास निम्मे लोक, बाहेर राहिले. रक्त तेच होते. फरक खिशाचा होता.

चीनमधील कोरियन वंशाचे लोक संविधान न्यायालयात गेले. २९ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने हा भेद समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरवला आणि कायदा दुरुस्त करण्यासाठी २००३ अखेरची मुदत दिली. २००४ मध्ये कायदा बदलला. व्याख्येत सगळे समान झाले.

पण मित्रहो, व्याख्या बदलली म्हणून शिडी मोडत नाही. परदेशस्थ कोरियनांच्या एफ-४ व्हिसावर साध्या अंगमेहनतीच्या कामाला मनाई होती. चीन आणि मध्य आशियातून येणाऱ्याला आपण मजुरी करणार नाही हे आधी पटवून द्यावे लागे. ज्यांना मजुरीच करायची होती त्यांच्यासाठी २००७ मध्ये एच-२ हा वेगळा व्हिसा आला. बांधकाम, कारखाना, हॉटेलातले काम, आजाऱ्यांची देखभाल यांना परवानगी, पण मुक्कामाला मुदत. एफ-४ चे नूतनीकरण होत राही. एच-२ वाल्याला मुदत संपली की परतावे लागे.

काही जण म्हणतील, एच-२ मुळे हजारोंना कायदेशीर रोजगार मिळाला. खरे आहे. त्यांना मालक बदलण्याची मोकळीकही होती. पण त्याच कारखान्यात नेपाळ किंवा व्हिएतनामहून आलेल्या ई-९ व्हिसावरच्या मजुराला ती मोकळीक नाही. अमेरिकेतला कोरियन वर, चीनमधला खाली, नेपाळी त्याच्याही खाली. यालाच आम्ही श्रेणीबद्ध विषमता म्हणतो. प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी ठेवलेला असतो, म्हणून शिडीवर एकत्र बोट ठेवायला कोणी येत नाही.

पिढ्यांची भिंतही होती. २०१९ पर्यंत ‘परदेशस्थ कोरियन’ ही ओळख तिसऱ्या पिढीपर्यंतच चाले. आईबापांसोबत आलेल्या चौथ्या पिढीच्या मुलांवर वयात येताच देश सोडण्याची वेळ येई. जुलै २०१९ पासून ही अट गेली. हा खरा विजय आहे आणि तो मागणी रेटल्यामुळे मिळाला.

तरीही २४ जून २०२४ आठवा. ह्वासाँग शहरातील लिथियम बॅटरीच्या कारखान्याला आग लागून २३ कामगार गेले. त्यांपैकी १८ परदेशी होते, १७ चिनी नागरिक, बहुतेक कोरियन वंशाचे. कायद्याने ज्यांना ‘आपले’ म्हटले तेच त्या आगीत सापडले.

आमचे म्हणणे एवढेच : समता व्हिसाच्या नावात शोधू नका. धोक्याचे काम कोण करतो, आणि ते सोडून देण्याचा हक्क त्याला आहे का, हे विचारा. तो हक्क कोर्योइनला मिळावा आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या नेपाळी मजुरालाही.