महिला सरपंच: सही बाईंची, कारभार कुणाचा?

७३व्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून देशभरातल्या पंचायतींत महिलांना किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे आरक्षण ५० टक्क्यांवर नेलं. सदस्यांच्या निम्म्या जागा आणि निम्मी सरपंचपदं आता महिलांसाठी असतात.

पण बऱ्याच गावांत खुर्चीवर बसतो नवरा नाहीतर दीर, बाई फक्त सहीपुरती. कायद्यात ‘सरपंचपती’ नावाचं कुठलंच पद नाही, हे आधी ध्यानात घ्या.

सरपंचबाईंचं काम काय?

मासिक सभा आणि ग्रामसभेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे असतं. ग्रामनिधीचे पैसे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या जोड सहीनेच निघतात. उद्या हिशोबात घोळ निघाला तर नोटीस सही करणारीच्या नावानं येते, नवऱ्याच्या नाही. म्हणून बिल आणि झालेलं काम बघितल्याशिवाय सही नको.

बाकीच्या महिलांनी काय करावं?

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. पाणी, संडास, अंगणवाडी, रस्त्यावरचे दिवे असे विषय तिथं मांडा आणि कार्यवृत्तात लिहून घ्या. लिहिलं नाही तर पुढं पुरावा राहत नाही. ग्रामसभेचा कोरम १५ टक्के मतदार किंवा १००, यातला कमी आकडा धरतात. गावातलं दारू दुकान बंद करायचं असेल तर ‘आडव्या बाटली’चं मतदान मागता येतं.

आरक्षणानं खुर्ची मिळते. तिच्यावर बसायचं काम बाईंचं, बसू द्यायचं काम घरच्यांचं.