न दिलेली वर्दी

'वर्दी देणे' हा शब्दप्रयोग आता बहुतांशी पोलीस ठाण्याच्या कागदांपुरता उरला आहे. गावात संशयास्पद मृत्यू झाला, दरोडा पडला, की पाटलाने ठाण्याला वर्दी द्यावी अशी रीत होती. वर्दी नेहमी खालून वर जाते. शेजाऱ्याला आपण सांगतो ती वर्दी नव्हे. घातक रसायन सांडल्याची किंवा वायू गळाल्याची बातमी दडवून ठेवणाऱ्यास आपल्या कायद्याने कोणती शिक्षा नेमली, याचा मागोवा घेताना हा शब्द आम्हांला पुनःपुन्हा आठवत राहिला.

मौन हाच गुन्हा, ही कल्पना नवी नाही. 1860 च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम 176 नुसार माहिती देण्यास कायद्याने बांधलेल्या माणसाने लोकसेवकाला ती जाणूनबुजून दिली नाही, तर सर्वसाधारणपणे एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड होई. म्हणजे अपराध होता तो सरकारपुढे गप्प बसण्याचा. पुढे 1974 चा जलप्रदूषणाचा आणि 1981 चा वायुप्रदूषणाचा कायदा झाला, तोही याच साच्यातून निघाला. अपघाताने विषारी द्रव्य नदीनाल्यात गेले किंवा मर्यादेबाहेर हवेत मिसळले, तर राज्य मंडळाला तत्काळ कळवावे; न कळवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. भोपाळपूर्वी आपल्याकडे कायद्याची पाटी कोरी होती, असा एक समज आहे. तो खरा नाही.

2 डिसेंबर 1984 च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. वस्तीला सावध करणारा भोंगा एकच्या सुमारास वाजला आणि थोड्याच वेळात बंद करण्यात आला. किरकोळ गळतीने लोकांत घबराट पसरू नये, म्हणून भोंगा असा लगेच थांबवण्याची तेथे पद्धतच होती! तो पुन्हा वाजू लागला दोनच्या सुमारास. तोवर माणसे रस्त्यांवर कोसळत होती. पोलिसांनी कारखान्यात दूरध्वनी केले, तेव्हा सर्व ठीक असल्याचे उत्तर मिळाले. हमीदिया रुग्णालयात डॉक्टरांपुढे रुग्णांची रीघ लागली होती आणि वायू कोणता, हेच त्यांना ठाऊक नव्हते. आधी अमोनियाचे नाव सांगण्यात आले, नंतर फॉस्जीनचे. नाकातोंडावर ओले फडके धरा, एवढे एक वाक्य वेळेवर कोणी सांगितले असते तर कित्येक जीव वाचते, असे पुढे अनेकांनी लिहिले. ते वाक्य सांगण्याची सक्ती मात्र कोणावर नव्हती. 7 जून 2010 रोजी भोपाळच्या न्यायालयाने सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली, ती निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल. गप्प बसल्याचा वेगळा हिशेब त्या निकालात नाही.

1986 चा पर्यावरण (संरक्षण) अधिनियम या दुर्घटनेच्या छायेत जन्मला. त्याच्या कलम 9 मध्ये 'तत्काळ' आहे आणि अपघात घडण्याची नुसती शक्यता दिसली तरी कळवावे, असेही आहे. शिक्षा तीन महिन्यांवरून पाच वर्षांपर्यंत गेली, दंड एक लाखापर्यंत. कळवायचे मात्र 'विहित प्राधिकाऱ्यांना'. 1987 साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. तिने आसपासच्या जनतेलाही धोक्याची माहिती देण्याचे बंधन घातले. हा मोठाच बदल होता, पण ती माहिती आगाऊ द्यायची. प्रत्यक्ष दुर्घटनेच्या रात्रीसाठी 1989 च्या नियमांनी सांगितले ते संबंधित प्राधिकाऱ्याला 48 तासांत कळवण्यास. भोपाळमधली माणसे दोन तासांत मरू लागली होती.

गंमत अशी (हा शब्द येथे कटूच आहे), की शेजाऱ्याचे नाव ठळकपणे लिहिले गेले ते अमेरिकेत. 11 ऑगस्ट 1985 रोजी वेस्ट व्हर्जिनियातील इन्स्टिट्यूट या गावी याच कंपनीच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि तेथेही लोकांना सावध करण्यास उशीर झाला. पुढच्याच वर्षी तेथे कायदा झाला. त्याच्या नावातच लोकसमूहाचा जाणण्याचा हक्क आहे. गळती होताच स्थानिक आपत्कालीन समितीला कळवायचे. जाणूनबुजून न कळवणाऱ्यास पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंचवीस हजार डॉलरांपर्यंत दंड. समिती गावातली, तिच्यात गावातली माणसे. भोपाळच्या बळींचा धडा तेथे कायद्यात उतरला, असे म्हणताना आम्हांला संकोच वाटतो.

7 मे 2020 च्या पहाटे विशाखापट्टणमच्या एल. जी. पॉलिमर्स कारखान्यातून स्टायरीनची वाफ शेजारच्या वस्तीत शिरली. बारा माणसे दगावली. राज्य सरकारने नेमलेल्या समितीने नोंदवले, की भोंगा वाजवण्याची सोय कारखान्यात 36 ठिकाणी होती. तो वाजला नाही.

2023 च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण अधिनियमातील शिक्षांचे कलम बदलले आणि 1 एप्रिल 2024 पासून बदल अमलात आला. कलम 9 मोडल्याबद्दलची पाच वर्षांची कैद गेली, तिच्या जागी कमाल पंधरा लाखांचा दंड आला. कैदेचा प्रश्न उरतो तो दंड न भरणाऱ्यापुरता. वर्दी दिली नाही म्हणून दंड ठरवायचा तो न्यायाधीशाने नव्हे, शासनाच्या अधिकाऱ्याने. तक्रारीची सुनावणी त्याच्याच दालनात होते.