राउटर, घरगुती
घरातील मोबाइल, संगणक, दूरचित्रवाणी संच इत्यादी उपकरणांना परस्परांशी व इंटरनेटशी जोडणारे यंत्र. पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत, विशेषतः नवीन पनवेल, कामोठे, खारघर या वसाहतींत, इंटरनेट बहुधा फायबर म्हणजे काचतंतूच्या केबलने घरात येते. केबलमधील प्रकाशसंकेतांचे विद्युतसंकेतांत रूपांतर करणारे ओएनटी हे उपकरण पुष्कळदा राउटरमध्येच सामावलेले असते. त्यावरील ‘एलओएस’ हा दिवा लाल झाल्यास प्रकाशसंकेतच पोहोचत नाही असे समजावे.

राउटर प्रत्येक उपकरणाला १९२.१६८.१.५ यासारखा खाजगी आयपी पत्ता देतो. या वाटपास डीएचसीपी म्हणतात. आयपीव्ही४ पद्धतीत सुमारे ४३० कोटीच पत्ते शक्य असल्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक उपकरणांनी वापरण्याची नॅट ही युक्ती रूढ झाली. अनेक सेवादाते तीच युक्ती आपल्या स्तरावर वापरून कित्येक ग्राहकांना मिळून एकच पत्ता देतात, त्यामुळे घरातील कॅमेरा बाहेरगावाहून थेट पत्त्याने पाहता येत नाही. संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस सेवा बिघडली, तर जोडणी शाबूत असूनही ‘नेट गेले’ असे वाटते.

वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्‌झ पट्टा भिंतींपलीकडे अधिक पोहोचतो. मात्र त्यात परस्परांत न मिसळणाऱ्या वाहिन्या सामान्यतः १, ६ व ११ या तीनच असल्याने दाट इमारतींत शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी होते. अशा घरांत, राउटर व उपकरण एकाच खोलीत असल्यास, ५ गिगाहर्ट्‌झ पट्टाच श्रेयस्कर.