मातीचा कोट आणि खडूचा घोडा

किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तट, बुरूज आणि दिंडी दरवाजा उभा राहतो. इंग्लंडात ऑक्सफर्डशायर परगण्यात ‘अफिंग्टन कॅसल’ नावाचा जो कोट आहे, तो मात्र आज पाहावा तर नुसती गवताळ मातीची वरंडी! टेकडीच्या माथ्यावर भोवताली खंदक खणला आणि निघालेली माती आतल्या अंगाला रचली, असे हे ख्रिस्तपूर्व सातव्या-आठव्या शतकातले काम. आतली जागा सुमारे आठ एकर. पण तीत वस्तीच्या खुणा फार थोड्या सापडल्या.

कोटाला लागूनच ‘रिजवे’ ही जुनी वाट जाते. खाली खोऱ्यात चिकणमाती. वर खडूचा दगड, त्यात पाणी चटकन मुरते. म्हणून गुरे हाकणारे वरूनच जात. ही वाट पाच हजार वर्षांची म्हणून सांगतात. पण पूर्वी ती एक वाट नव्हेच, पाय कोरडे राहतील तिकडून जाणारा रुंद पट्टा होता. अठराव्या शतकात शेतांना कुंपणे पडली, तेव्हा ती एका रेषेत आली. १९७३ पासून १३९ किलोमीटरची ही वाट राष्ट्रीय पदमार्ग आहे.

प्राचीन अवशेषांच्या रक्षणाचा पहिला कायदा ब्रिटिश पार्लमेंटाने १८८२ साली केला. त्याच्या यादीत हा कोट होता. परंतु शेजारच्या उतारावर सुमारे ११० मीटर लांबीचा जो पांढरा घोडा आहे, त्याला कायदा कसा पुरणार? चर खणून त्यात खडू ठासला, की झाली आकृती. १९९० च्या दशकातील मातीच्या परीक्षेने तिचा काळ ख्रिस्तपूर्व १३८० ते ५५० च्या दरम्यान ठरला. गवत काढायचे थांबले तर थोड्याच वर्षांत ती बुजेल. म्हणजे इतकी शतके कोणी ना कोणी ते काढीतच आले! शेणाने जमीन सारवलेल्या भगिनींना यातले मर्म निराळे सांगायला नको.

पूर्वी काही वर्षांच्या अंतराने गावकरी या कामाला जमत आणि मग कोटात जत्रा भरे. कुस्त्या होत, शर्यती होत, उतारावरून चीजचे चाक सोडून लोक त्यामागे धावत. १८५७ च्या जत्रेवर टॉमस ह्यूज यांनी पुस्तकही लिहिले. पुढे जत्रा मोडली, तसा घोडाही अंधुक झाला. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या विमानांना खूण मिळू नये म्हणून तो मुद्दाम झाकला, आणि युद्धानंतर पुन्हा उघडला.

आता नॅशनल ट्रस्ट या संस्थेचे स्वयंसेवक उन्हाळ्यात येतात, गुडघे टेकून गवत उपटतात आणि हातोडीने नवा खडू कुटून बसवतात.