तिलावावरचे आजोबा

ट्रंकेच्या तळाशी, आजीच्या शालूखाली, पंज्याएवढं एक पुस्तक आहे. ते बाहेर काढा. छत्रपती संभाजीनगरच्या सिडको एन-सातमधल्या या घरात समुद्राचं दुसरं काहीच नाही. वडील वाळूजच्या कारखान्यात लागले आणि सगळं बिऱ्हाड रत्नागिरीकडून इकडे आलं. आजोबा ‘बोटीवर होते’, एवढंच तुम्हाला लहानपणापासून माहीत. कुठली बोट, कुठे गेली, कोणी विचारलं नाही.

हे त्यांचं सीडीसी, खलाशाच्या नोकरीची नोंदवही. जुने खलाशी त्याला ‘नळी’ म्हणत आणि घरच्या दागिन्यांइतकं जपत, कारण ते हातात नसेल तर बोटीवर काम मिळत नसे. रकाने वाचा: जहाजाचं नाव, अधिकृत क्रमांक, भरतीचं बंदर, सुटकेचं बंदर, हुद्दा, वर्तन. वर्तनापुढे सगळीकडे ‘व्हेरी गुड’चा शिक्का आहे. एका ओळीत मात्र सुटकेच्या रकान्यात बंदराचं नाव नाही, ‘समुद्रात’ असं लिहिलंय. जहाज तिलावा, भरती मुंबई, नोव्हेंबर १९४२.

त्या ओळीवर बोट ठेवा.

भिंती जातात. हे घर जिथे उभं आहे तिथे आता निजामाच्या राज्यातली शेतं आहेत. आणि तुम्ही उभे आहात मुंबईच्या गोदीत, २० नोव्हेंबरला. हवेत दमट मीठ आणि कोळसा. सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, माणसं मोजतोय. रांगेत विशीतला एक मुलगा आहे, अनवाणी, खांद्यावर वळकटी. त्याच्या कपाळाची ठेवण तुमच्या वडिलांसारखी आहे. त्याला हाक मारू नका, तो तुम्हाला ओळखणार नाही. सही करायला सांगितल्यावर तो अंगठा पुढे करतो. त्याच कामासाठी गोऱ्या खलाशाला मिळणाऱ्या पगाराचा लहानसा हिस्साच त्याला मिळणार आहे. तरी तो खूश आहे, गावाकडे पैसे जातील म्हणून.

ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ही आगबोट मोंबासामार्गे दक्षिण आफ्रिकेला निघाली आहे. डेकवर पाय ठेवायला जागा नाही. ७३२ प्रवासी आहेत, त्यांतले बरेच आफ्रिकेत दुकानं थाटलेले गुजराती, सोबत बायकामुलं. कर्मचारी २२२, शिवाय चार तोफची. खाली मालाच्या कोठारात, प्रवाशांच्या नजरेआड, चांदीच्या विटा.

तिसऱ्या रात्री झोपू नका. २३ तारीख उजाडलीय, पहाटेचे दोन वाजत आलेत. धक्का आधी पायांना कळतो, आवाज मागून येतो. आय-२९ या जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो. दिवे जातात. अंधारात कुणी आईचं नाव घेतंय, कुणी देवाचं, आणि या सगळ्यात तो मुलगा दोर सोडतोय, कारण त्याचं काम तेच आहे. होड्या खाली जातात. बोट मात्र तरंगतच राहते, म्हणून काही जण परत वर चढतात. तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो. नंतर पाण्यावर तेल, फळकुटं आणि माणसं.

२८० जण गेले. क्रूझर बर्मिंगहॅमने ६७४ जणांना उचललं, आणखी चौघे कार्थेज या बोटीला सापडले. २७ नोव्हेंबरला बर्मिंगहॅम मुंबईत आली. उतरणाऱ्यांत तो मुलगा आहे. तो तिथून गावी गेला, काही दिवसांनी पुन्हा भरतीच्या रांगेत उभा राहिला. पुढची ओळ वाचा, तिच्यातही ‘व्हेरी गुड’ आहे.

आता परत या. पुढचं काम इथल्या टेबलावरच करायचं आहे, आणि ते चिकाटीचं आहे. आधी जहाजाचा अधिकृत क्रमांक लिहून घ्या. नावं बदलतात, एकाच नावाची दोन जहाजं असतात, हा क्रमांक मात्र जहाजाला जन्मभर चिकटलेला असतो. लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात दुसऱ्या महायुद्धातल्या जहाजांच्या कर्मचारी याद्या बीटी ३८१ या मालिकेत आहेत, त्याही याच क्रमांकाने लावलेल्या. यादीत आडनाव शोधू नका. इंग्रज कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलंय. आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव आणि गाव, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच तो तुमचा माणूस. म्हणून क्यूला पत्र लिहिण्याआधी गावच्या आत्यांना फोन करा. गावाचं जुनं नाव, वाडीचं नाव, पणजोबांना लोक काय म्हणत, हे कुठल्याच सरकारी कपाटात नाही, आणि आत्यांचं वय झालंय.

आणखी एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिलावातली ती चांदी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारची होती. २०१७ मध्ये अडीच किलोमीटर खोल पाण्यातून २,३६४ विटा वर काढल्या गेल्या. ती वर काढणाऱ्यांना मोबदला द्यावा लागेल का, यावर वर्षानुवर्षं खटला चालला आणि २०२४ च्या मे महिन्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने निकाल दिला. एकेक वीट मोजली गेली. त्याच बोटीवरच्या खलाशांसाठी हे काम कुठलंही न्यायालय करणार नाही, ते घरच्यांनाच करावं लागेल.

एक दिवस मुंबईचीही गाडी पकडा. मशीद स्टेशनजवळ इंडियन सेलर्स होम आहे. तिथल्या स्मारकाच्या नोंदवह्यांत दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या, कबरही न मिळालेल्या सहा हजारांहून अधिक भारतीय नाविकांची नावं आहेत. तुमचे आजोबा त्यांत नाहीत. या वह्या परतलेल्यांच्या नाहीत. पण तिलावाचं नाव घेऊन पानं उलटा. भरतीच्या रांगेत आजोबांच्या मागेपुढे उभे असलेले सोबती इथे सापडतील, आणि एखाद्यापुढे तुमच्या ओळखीच्या खाडीकाठचं गाव लिहिलेलं असलं, तर ते नाव, बापाचं नाव, जहाज आणि तारीख उतरवून घ्या. मग पुन्हा आत्यांना फोन लावा आणि विचारा, त्या घरातलं आता कोण कुठे असतं.