बांद्र्याची मोतमाऊली



गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या बैठकीत, सप्टेंबरातील सहल बांद्र्याच्या मोतमाऊलीच्या जत्रेला न्यावी अशी सूचना आली. तेव्हा एकदोघींनी विचारले, "ते किरिस्तावांचे देऊळ. आपले तिथे काय काम?" त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसारात गुंतलेली बाई. पण तेव्हापासून जे वाचले, जे विचारून घेतले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवते.

मरीया ही येशूची आई. इ. स. ४३१ मध्ये एफेसस येथे भरलेल्या धर्मसभेने तिला 'देवमाता' ही पदवी मान्य केली. तरी कॅथलिक लोक तिला देव मानीत नाहीत. देव एकच; मरीयेने आपल्यासाठी त्याच्याकडे शब्द टाकावा, एवढीच त्यांची विनवणी असते. घरात वडिलांकडे काही मागायचे तर मुले आधी आईचा पदर धरतात, तसेच हे. तिची कथा आपल्या मराठीतही फार पूर्वी आली. फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने गोव्यात राहून ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले व ते १६१६ साली छापले गेले.

बांद्र्याच्या टेकडीवर जेझुइट पाद्र्यांनी पोर्तुगीज अमदानीत तिचे लहानसे देऊळ बांधले. सन १७०० मध्ये अरब चाच्यांनी तेथे धाड घातली. मूर्तीच्या हातातील मुलाम्याची वस्तू सोन्याची समजून त्यांनी तिचा उजवा हातच तोडला, अशी हकीकत सांगतात. पुढे मराठे व पोर्तुगीज यांच्या युद्धात ते देऊळ पडले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्याचा आपल्याला अभिमान आहे व तो असावाच. पोर्तुगीजांनी आपली देवळे मोडली होती, हेही खरे. पण युद्धात कोणाचेच देवघर सुरक्षित राहत नाही, हेही आपण विसरू नये.

कोळी बांधव सांगतात की, त्यांच्यातील एकाला स्वप्न पडले आणि समुद्रात मूर्ती सापडली. तिची 'मोतमाऊली' झाली ती त्यांच्याच तोंडी. टेकडीवरचे देऊळ पुन्हा उभे राहिले ते १७६०-६१ च्या सुमारास, म्हणजे पानिपतच्या दिवसांत. त्या वेळी साष्टीवर अंमल मराठ्यांचा होता. १७७४ पर्यंत तो टिकला. पेशव्यांच्या राज्यात मरीयेचे देऊळ पुन्हा बांधले गेले, हे वाचून मला मोठे समाधान वाटले.

त्या काळी मुंबईहून यायचे तर माहीमची खाडी होडीने ओलांडावी लागे. पावसाळ्यात होड्या बुडत, माणसे जात. लेडी अवाबाई जमशेटजी या पारशी बाईंनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि १८४५ साली माहीमचा कॉजवे खुला झाला. लोकांकडून टोल घेऊ नये, अशी त्यांची अट होती. मोतमाऊलीला केलेल्या नवसापायी त्यांनी हे केले अशी आख्यायिका आहे. नवस असो वा नसो, एका बाईच्या दानाने हजारोंची वाट सुकर झाली, हे खरे.

आजची इमारत १९०४ सालची. १९५४ मध्ये पोपनी तिला बॅसिलिकेचा मान दिला. ८ सप्टेंबर हा मरीयेचा जन्मदिन. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते. कोणी मेणाचा हात वाहते, कोणी पाय, कोणी छोटेसे घर. ज्याचे जे दुखणे, त्याचे तसे मेण! रांगेत कुंकू लावलेल्या बायाही कमी नसतात.

आता माझी गोष्ट. थोरल्याला विषमज्वर झाला, तेव्हा शेजारच्या कॅथलिक मावशींनी मला न सांगता तेथे जाऊन मेणबत्ती लावली. मुलगा बरा झाल्यावर त्यांनी ते सांगितले. औषध डॉक्टरांचेच होते, पण माझ्या लेकरासाठी त्या टेकडी चढल्या, हे मी कशी विसरू? दुसऱ्या वर्षी आम्ही दोघी मिळून गेलो. त्यांनी हात जोडले, मीही जोडले.

"आपले तिथे काय काम?" या प्रश्नाला माझ्याजवळ एवढेच उत्तर आहे. यंदा सहल ठरली, तर पहिले नाव माझे लिहावे, ही विनंती.